नाव रॉबिन हूडचे, पण नोंद कोणत्या सालची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डर्बीशायर या इंग्लंडमधल्या डोंगराळ, ग्रामीण काउंटीतल्या ‘रॉबिन हूडच्या पाऊलखुणां’वरचा प्रवासलेख वाचला. वर्णने सुरेख आहेत. मात्र लेखाने एक गोष्ट गृहीत धरली आहे, की जिथे रॉबिन हूडचे, म्हणजे इंग्रजी दंतकथांतल्या त्या फरारी धनुर्धराचे, नाव तिथे रॉबिन हूड येऊन गेला. सुळका त्याचा, गुहा त्याची, म्हणजे तो इथलाच, असा तो हिशेब. इथे स्थळनामांची गल्लत होते. नावावरून एवढेच कळते की ते देणाऱ्यांनी ही कथा ऐकली होती. त्यांनी ती कधी ऐकली, हे मात्र शोधता येते, आणि नावाची खरी गंमत तिथेच आहे.

बर्चओव्हर आणि एल्टन या गावांजवळचा ‘रॉबिन हूड्स स्ट्राइड’, म्हणजे रॉबिन हूडची ढांग, आधी पाहू. हार्टहिल मूर नावाच्या माळावर भरड वालुकाश्माच्या शिळांचा एक ढीग आहे. या दगडाला तिकडे ग्रिटस्टोन म्हणतात. हात फिरवला तर खरखरीत कण बोटांना लागतात, आणि वारापावसाने त्याच्या कडा गोलसर झालेल्या दिसतात. ढिगाच्या दोन टोकांना दोन सुळके आहेत. रॉबिनने या सुळक्यावरून त्या सुळक्यावर एका ढांगेत पाय टाकला, अशी दंतकथा. माणसाच्या ढांगेत मावेल असे ते अंतर नाही, म्हणजे ही ढांग राक्षसाची आहे. इंग्लंडभर अशा अचाट जागा राक्षसांच्या किंवा सैतानाच्या नावावर असतात. धनुर्धराची कथा घरोघरी पोचली तेव्हा त्यांतल्या काही जागा त्याच्या नावावर चढल्या.

याच ढिगाला दुसरेही नाव आहे, ‘मॉक बेगर्स हॉल’, म्हणजे भिकाऱ्याला फसवणारा वाडा. तिन्हीसांजेला लांबून ते दोन सुळके वाड्याच्या धुरांड्यांसारखे दिसतात. आसऱ्याच्या आशेने भिकारी तिकडे वळतो आणि जवळ गेल्यावर नुसते दगड. या नावात रॉबिन कुठेच नाही. एका जागेची दोन नावे सापडली की लेखकाने दोन्ही द्यावीत. एकच दिले की उरलेली अर्धी साक्ष वाया जाते.

चार्ल्सवर्थजवळच्या माळावरचे ‘रॉबिन हूड्स पिकिंग रॉड्स’ आपल्या लेखात नव्हते, पण या विषयात त्याहून बोलका दगड नाही. जमिनीत एक मोठी दगडी बैठक, तिला दोन खोबण्या, आणि त्या खोबण्यांत रोवलेले दोन गोल खांब. रॉबिनचे गडी धनुष्य या खांबांमध्ये अडकवून वाकवत आणि दोरी चढवत, असे सांगतात. प्रत्यक्षात हे अँग्लो-सॅक्सन काळातल्या जोडक्रुसाचे खांब आहेत, म्हणजे कथेपेक्षा काही शतके जुने. शेजारच्या चेशायरमध्ये अशीच एक जोडी आहे आणि तिला ‘बो स्टोन्स’, धनुष्याचे दगड, म्हणतात. क्रूस म्हणून त्यांची ओळख पुसली गेली, पण शिवेचे दगड म्हणून ते डोळ्यांसमोर राहिले. उभा दगड डोळ्यांसमोर आहे आणि त्याचे कारण कोणाला ठाऊक नाही, अशा ठिकाणी गोष्ट येऊन बसतेच.

आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांचे हेच झाले आहे. तिथल्या शिलालेखांत सातवाहनांची आणि क्षत्रपांची नावे आहेत, बौद्ध भिक्षूंना दिलेल्या दानांचे तपशील आहेत. पांडव कुठेच नाहीत. तरी ‘पांडवलेणी’ हे नाव खोटे ठरत नाही. त्या टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या मनात महाभारत किती खोल रुजले होते, याचा तो पुरावा आहे. डर्बीशायरची नावेही अशीच वाचायला हवीत.

आता सालांकडे. १२२५-२६ च्या यॉर्कशायरच्या राजाच्या खजिन्याच्या हिशेबात ‘रॉबर्ट हॉड, फरारी’ असा एक माणूस आहे आणि त्याच्या मालाची किंमत ३२ शिलिंग ६ पेन्स लावली आहे. पुढच्याच हिशेबांत त्याचे नाव ‘हॉबहॉड’ असे येते. हाच खरा रॉबिन का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. १२६२ मध्ये बर्कशायरमध्ये एका लोहाराच्या विल्यम नावाच्या मुलाला, तो फरारी झाल्यावर, कारकून ‘विल्यम रॉबहॉड’ लिहून मोकळा होतो. तेव्हाच हे नाव फरारी माणसाचे बिरुद बनत चालले असावे. १३७७ च्या सुमाराच्या एका इंग्रजी काव्यात एका आळशी पाद्र्याला प्रार्थना धड येत नाही, रॉबिन हूडची गाणी मात्र येतात. जागेला जोडलेल्या नावाची फार जुनी नोंद १४२२ ची आहे. मंक ब्रेटन मठाच्या दस्तऐवजात एका शेतजमिनीची जागा ‘रॉबर्ट हॉडच्या दगडाशी’ अशी सांगितली आहे. तो दगड यॉर्कशायरमधल्या बार्न्सडेलचा, डर्बीशायरचा नव्हे. १५०० च्या सुमारास छापलेल्या दीर्घ पोवाड्यातही रॉबिनचा तळ बार्न्सडेललाच आहे. म्हणून डर्बीशायरमधल्या नावाचा दावा करताना त्या नावाची पहिली नोंद कधीची, हा प्रश्न टाळता येत नाही.

ती शोधण्याची रीत अवघड नाही, वेळ मात्र खाते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा-खात्याच्या आजच्या नकाशावर जागा पक्की करून ग्रिड क्रमांक (नकाशावरच्या चौकटींवरून मिळणारा जागेचा क्रमांक) टिपावा, कारण सारख्या नावाच्या जागा अनेक असतात. मग एकोणिसाव्या शतकातला मैलाला सहा इंच प्रमाणाचा नकाशा पाहावा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. त्यामागे बर्डेटचा १७६७ चा डर्बीशायरचा नकाशा येतो, मैलाला एक इंच. इथे नवशिके हमखास फसतात. बर्डेटच्या नकाशावर नाव नाही म्हणून ते नंतरचे, असा निष्कर्ष ते काढतात. मैलाला एक इंच या मापात गावे, रस्ते, गिरण्या घातल्या की सुळक्या-झऱ्यांना जागाच उरत नाही. नाव सापडले तर तो पुरावा, न सापडले तर काहीच सिद्ध होत नाही.

यापुढचे साधन महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीचे वाटेल. १८३६ च्या कायद्याने चर्चला द्यायचा दशमांश धान्याऐवजी रोख रकमेत ठरवायचा झाला आणि त्यासाठी गावोगाव नकाशे व जोडतक्ते झाले. तक्त्यात मालक, वहिवाटदार, तुकड्याचा क्रमांक, शेताचे नाव, पीक की कुरण, आणि क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये (४० पर्चचा १ रूड, ४ रूडांचा १ एकर). आपल्या सातबाऱ्यावरच्या ‘शेताचे स्थानिक नाव’ या रकान्याचाच हा भाऊबंद. एखाद्या शेताच्या नावात रॉबिन हूड असेल तर ते इथे सापडते. मात्र हे काम इंग्लंड-वेल्सच्या साधारण तीन चतुर्थांश भागाचेच झाले. जिथे जमीन-वाटपात दशमांश आधीच मिटला होता, तिथे तक्ता मिळत नाही.

ऑर्डनन्स सर्व्हेच्या नाव-वह्यांबद्दल आम्हाला मनापासून हळहळ वाटते. सर्व्हेचा माणूस गावात येई, प्रत्येक नावाचे निरनिराळे उच्चार-लेखन नोंदवी, कोणत्या लेखनाला कोणाचा दाखला तेही लिही, आणि जागेचे दोन ओळींत वर्णन करी. मालकाचा, पाद्र्याचा शब्द कुळाच्या शब्दापेक्षा वजनदार धरला जाई, हा त्या वह्यांचा दोष. तरी नाव कोणाच्या तोंडून आले हे सांगणारे तसे दुसरे साधन नाही. १९४० मध्ये साउथॅम्प्टनवर बॉम्ब पडले आणि इंग्लंडच्या बहुतेक काउंट्यांच्या वह्या जळाल्या. डर्बीशायरच्याही गेल्या. म्हणून इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीने १९५९ मध्ये काढलेल्या डर्बीशायरच्या तीन खंडांवर भिस्त ठेवावी लागते. त्यांत नावापुढे जुनी रूपे सालासकट दिलेली असतात.

जुने रूप मिळाले की ते अक्षर-अक्षर वाचावे. डर्बीशायरच्याच बीली मूरवर ‘हॉब हर्स्ट्स हाउस’ नावाचा कांस्ययुगातला थडग्याचा उंचवटा आहे. १८८२ च्या पहिल्या स्मारक-संरक्षण कायद्याच्या यादीत त्याचे नाव आहे. हॉब म्हणजे घरात-रानात वावरणारा वेताळासारखा जीव. पण रॉबर्टचे लाडके रूपही हॉब, आणि रॉबर्टचेच दुसरे लाडके रूप रॉबिन. वर आलेला ‘हॉबहॉड’ आठवावा. त्यामुळे जुन्या नोंदीत नुसते ‘हॉब’ असेल आणि आजच्या पाटीवर ‘रॉबिन हूड’, तर मधल्या काळात कोणीतरी भुताच्या जागी वीर बसवला, असा संशय घ्यावा. नुसते ‘हूड’ असेल तर आधी त्या आडनावाचे कुटुंब तिथे होते का ते पाहावे.

काही नावांची गोष्ट छोटी आहे. बासलोजवळची ‘रॉबिन हूड’ ही वाडी तिथल्या पबच्या पाटीने ओळखली जाते. तिचा मध्ययुगाशी संबंध जोडू नये. शेजारच्या नॉटिंगहॅमशायरमधला ‘मेजर ओक’ हा प्रचंड ओक वृक्ष ‘मोठा’ म्हणून मेजर नव्हे. १७९० मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या मेजर हेमन रूकच्या हुद्द्यावरून ते नाव पडले.

डर्बीशायरमधल्या हॅदरसेजच्या चर्चच्या आवारातल्या, कथेतला रॉबिनचा धिप्पाड साथीदार लिटल जॉन याच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कबरीबद्दल लेखात जो मजकूर आहे, तोही तपासून छापायला हवा होता. डोक्याच्या आणि पायाच्या दगडांत सुमारे १३ फूट अंतर आहे. १७८४ मध्ये ती खणल्यावर जवळपास ३० इंचांचे मांडीचे हाड निघाले, असे सांगतात. मांडीचे हाड उंचीच्या साधारण २६-२७ टक्के असते. ३० इंचांना ०.२६७ ने भागले की ११२ इंच, म्हणजे ९ फूट ४ इंच उंची येते. आजवर खात्रीने मोजलेला सर्वांत उंच माणूस ८ फूट ११ इंचांचा होता. हाड मोजण्यात चूक झाली, की ते माणसाचे नव्हतेच, की सांगण्यात वाढत गेले, हे आता ठरवता येणार नाही. पण सतराव्या शतकात पुराणवस्तूंचा अभ्यासक एलियास ॲशमोलने ही कबर आणि चर्चमध्ये टांगलेले धनुष्य टिपून ठेवले होते, म्हणजे ही कथा त्या गावात किमान साडेतीनशे वर्षे नांदते आहे. आपल्या वाचकांना हे सांगितले असते तर कबरीपुढे उभे राहताना त्यांना जास्त काही दिसले असते.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा लेखांत प्रत्येक नावापुढे कंसात पहिल्या नोंदीचे साल छापावे. साल मिळाले नसेल तर ‘नोंद सापडली नाही’ असे छापावे. आणि ज्या वाचकांच्या शिवारात नायकाचा, बंडकऱ्याचा, वेताळाचा दगड, डोह किंवा वावर आहे, त्यांनी आपला सातबारा काढून ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना पाहावा. अनेकांचा तो कोरा असेल. त्यांनी जाणत्यांकडून नाव विचारून, सांगणाऱ्याचे वय आणि तारखेसह, वहीत लिहून ठेवावे.

आपले,
शेफील्ड (इंग्लंड) येथील काही मराठी वाचक