याझदची मातीची घरं आणि दुरुस्तीचा नियम

संपादक महोदय,

इराणमधल्या जुन्या वास्तूंचा विषय निघाला की सगळे कारागिरांचं कौतुक करतात, ते योग्यच आहे, पण त्यामागच्या नियमांबद्दल कोणी बोलत नाही याचं खरंच वाईट वाटतं. याझदचंच बघा ना, जुनं शहर जवळजवळ सगळं मातीचं, गच्चीवर माती आणि भुसा कालवून केलेला 'काहगेल'चा लेप, पावसाने तो धुपतो म्हणून ठराविक काळाने परत द्यावाच लागतो. मशिदींच्या देखभालीसाठी दुकानं, शेती वक्फ केलेली असायची आणि बऱ्याच वक्फनाम्यांत उत्पन्नातून आधी दुरुस्ती, मग बाकी खर्च असं स्पष्ट लिहिलेलं असायचं, मला तर हे फार शहाणपणाचं वाटतं. कनातीला म्हणजे भुयारी पाटाला 'हरीम' असायचा, तेवढ्या अंतरात दुसऱ्याने खणायचं नाही. नवव्या शतकात खुरासानमध्ये तर कनातींच्या कायद्याचं पुस्तकच तयार करून घेतलं होतं.

पण नियम नुसता असून भागत नाही, तो पाळावाही लागतो. 2003 साली इराणमधल्याच बाम शहरात भूकंप झाला, 26 हजारांवर माणसं गेली. भूकंपात इमारती टिकाव्यात म्हणून केलेला इराणचा बांधकामाचा नियम, '2800' कोड, तेव्हाही होता हो, पण तिथली कित्येक घरं त्याप्रमाणे बांधलेलीच नव्हती.

– एक वाचक, पुणे