जुन्या मारुती 800 चा पेट्रोल फिल्टर बदलताना

सातारा

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खंबाटकी चढताना गाडी अर्ध्या घाटात दम सोडते, थोडा वेळ बाजूला थांबवली की पुन्हा नीट चालू लागते आणि सपाटीला लागल्यावर काहीच तक्रार करत नाही, असे तू कळवलेस. ही लक्षणे इंजिनाला पेट्रोल कमी पडत असल्याची आहेत. आपली मारुती 800 कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची आहे. तिच्या 796 सीसीच्या इंजिनाला सपाटीवर थोडके पेट्रोल पुरते, पण फिल्टर तुंबलेला असेल तर चढावर ॲक्सिलरेटर दाबून धरला की कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधला, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यातला साठा भरण्यापेक्षा लवकर संपतो आणि गाडी थांबवल्यावर तो हळूहळू पुन्हा भरतो. तापलेली इग्निशन कॉइलही (ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) कधी कधी असाच त्रास देते, हे खरे. तरी फिल्टर स्वस्त आहे आणि बदलायला सोपा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

फिल्टर आताच का तुंबावा, याचेही कारण आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि आपली गाडी बनली तेव्हा हे मिश्रण कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. इथेनॉल टाकीच्या आतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवते, हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना आतून मऊ करते. या तिन्ही गोष्टींचा गाळ शेवटी फिल्टरच्या कागदी घड्यांत जाऊन बसतो. म्हणूनच फिल्टरबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि क्लिपाही नव्या घे. दुकानात जुन्या नळीचा तुकडा दाखव आणि इथेनॉल चालेल अशी इंधनाचीच नळी माग. पाण्याची किंवा एअर पंपाची नळी जाडीला सारखी दिसली, तरी ती काही महिन्यांत फुगते आणि तडकते.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो आणि यात मी कोणतीही सवलत देणार नाही. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत दूरवर जाते. तेव्हा हे काम सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये करू नकोस. उघड्यावर, सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना कर. जवळपास कोणी सिगारेट ओढत असेल, इन्व्हर्टर किंवा पाण्याचा पंप चालू असेल, तर काम पुढे ढकल. सर्वप्रथम दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला कर. आग विझवणारा पावडरचा सिलिंडर हाताशी असू दे. पेट्रोलच्या आगीवर पाणी कधीही टाकू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग त्याच्यासोबत पसरते.

त्यानंतर टाकीचे झाकण उघडून आतला दाब जाऊ दे आणि मग पुन्हा लाव. टाकीकडून इंजिनाच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडे येणाऱ्या नळीचा हाताने माग काढत गेलीस की वाटेत पारदर्शक डबीसारखा फिल्टर सापडेल. त्यावर बाण असतो, तो पेट्रोलच्या प्रवाहाची दिशा, म्हणजे पंपाची बाजू दाखवतो. जुना फिल्टर काढण्याआधी त्याचा फोटो घेऊन ठेव. नळी ओढून काढू नकोस, आधी हलके पिळून सैल कर आणि मग सरकव. नळी सुटताच टाकीकडून पेट्रोल वाहू लागण्याची शक्यता असते, म्हणून खाली पत्र्याचे भांडे ठेव आणि नळीच्या तोंडात घालायला योग्य जाडीचा स्वच्छ बोल्ट तयार ठेव.

नवा फिल्टर बसवल्यावर क्लिपांकडे विशेष लक्ष दे, कारण इथे पुष्कळ जण फसतात. आपल्या गाडीचा पंप यांत्रिक आहे, तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, आणि फिल्टर त्या ओढण्याच्या बाजूला बसलेला आहे. त्यामुळे क्लिप सैल राहिली तर गाडी चालू असताना पेट्रोल गळेलच असे नाही. उलट, भोक पडलेल्या स्ट्रॉने सरबत ओढताना जशी हवाच तोंडात येते, तसा पंप हवा ओढत राहतो आणि गाडी आधीपेक्षा जास्त झटके देऊ लागते. लोक मग नव्या फिल्टरला दोष देतात. याउलट, बसवल्यावर फिल्टर अर्धाच भरलेला दिसला तर काळजी करू नकोस. या गाड्यांत तसे दिसणे नेहमीचे आहे.

बॅटरी जोडण्यापूर्वी सांडलेले पेट्रोल पुसून घे, फडकी लांब उन्हात टाक आणि वास पूर्ण जाऊ दे. मग स्टार्टर पाच-सात सेकंद फिरव, थोडे थांब, पुन्हा फिरव. पंप इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो, त्यामुळे नळीतली हवा निघून जाईपर्यंत गाडी लगेच सुरू होणार नाही. एकसारखा सेल मारत राहिलीस तर बॅटरी आणि स्टार्टर दोन्हींवर ताण येईल.

जुना फिल्टर मात्र लगेच फेकू नकोस, कारण टाकीची खरी अवस्था तोच सांगतो. टाकीकडची बाजू खाली धरून तो पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत ठोकून रिकामा कर आणि काय पडते ते पाहा. तांबूस बारीक कण असतील, तर टाकी आतून गंजते आहे. काळे मऊ तुकडे असतील, तर नळीचे रबर सुटते आहे, आणि तसे असल्यास टाकीपर्यंतच्या साऱ्या नळ्या बदलाव्या लागतील. तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा लेप हा महिनोन्‌महिने उभ्या गाडीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो. बशीत खाली वेगळे थेंब साठले, तर ते पाणी समज. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी उभी राहिली की असे होते. निघालेले पेट्रोल गटारात किंवा नाल्यात ओतू नकोस, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे दे.

बशीतल्या गाळाचा फोटो दिवसाउजेडी काढून मला पाठव. तांबूस कण जास्त असतील, तर टाकी उतरवून धुऊन घेण्याचे आपण ठरवू. आणि गाळ फारसा नसूनही गाडी घाटात अडखळत राहिली, तर पुढच्या वेळी तू साताऱ्याला येशील तेव्हा पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा) आणि कॉइल तपासू. तोपर्यंत घाटाच्या वाटेने एकटी निघू नकोस.

तुझा,
बाबा