तिकिटांवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

हे सगळं खरं तर तुमच्या घरी येऊन, तुमच्या गॅलरीत बसून बोलायचं होतं, पण तुम्ही ठाण्याच्या नौपाड्यातलं घर आवरून नाशिकरोडला मुलाकडे गेलात ते इतक्या घाईत की नीट भेटही झाली नाही. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय आणि एक प्रत पोस्टाने पाठवतेय, कारण लेकीने बजावून ठेवलंय की आजोबांना नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू म्हणायचं नाही.

तुम्हाला आठवतंय का, आपण पहिल्यांदा भेटलो ते मुंबई जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात, फिलाटेलीच्या (तिकीटसंग्राहकांच्या) काउंटरवर. लेकीला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद लागून चारपाच महिने झाले होते आणि मी ठरवूनच आले होते की वर्षभरात जे जे निघालंय ते सगळं घेऊन टाकायचं, सुटी तिकिटं, मिनिएचर शीट आणि शीटलेट (तिकिटांचे छोटे सजवलेले कागद), फर्स्ट डे कव्हर (पहिल्या दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट), सगळं, एकही सुटायला नको. तुम्ही माझ्या मागे उभे होता. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत, खाली वाकून तिला विचारलंत, "यातलं तुला कुठलं आवडलं?" तिने एका पक्ष्याच्या तिकिटावर बोट ठेवलं. तुम्ही म्हणालात, "मग आज तेवढंच घे, बाकीचं बघून ठेव." मला त्या क्षणी रागच आला होता, खरं सांगते. पण परत येताना तुम्ही आमच्याच ठाणे स्लोमध्ये चढलात आणि मशीद बंदरपासून ठाण्यापर्यंत जे बोलत राहिलात त्यात माझे किती पैसे वाचले हे मला नंतर कळलं.

कारण त्याच्या आधी मी एक पाकीट घेऊन बसले होते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून, पाचशे परदेशी तिकिटं, "दुर्मिळ, भविष्यासाठी गुंतवणूक" वगैरे. पुढच्या रविवारी तुमच्याकडे घेऊन आलो तेव्हा तुम्ही एकेक तिकीट चिमट्याने उचलून उलटं केलंत आणि लेकीला विचारलंत की मागे काय दिसतंय. मागे गम जसाच्या तसा होता, चकचकीत. आणि पुढे कोपऱ्यात पोस्टाच्या गोल शिक्क्याचा अगदी सुबक पाव भाग. तुम्ही म्हणालात, पत्राला चिकटलं असतं तर गम राहिला असता का, हे छापखान्यातच शिक्का मारून थेट पाकिटात भरलेलं आहे, याने कधी पोस्टाची पेटी बघितलेली नाही. मग अजमान, फुजैरा, उम्म अल-कुवैन यांची गोष्ट सांगितलीत, साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला या छोट्या आखाती अमिरातींच्या नावाने एजन्सीवाल्यांनी ढिगाने तिकिटं काढली, तिथल्या माणसांना पत्रं लिहायला लागतील त्याच्या कितीतरी पट जास्त, सगळी संग्राहकांसाठी. माझ्या पाकिटात निम्मी तीच निघाली. तुम्ही हसला नाहीत. "ही हिला खेळायला द्या, दाते मोजायला शिकेल," म्हणालात, आणि खरंच तिने त्यांच्यावरच परफोरेशन, म्हणजे तिकिटाच्या कडेचे दाते, मोजायला शिकलं.

तेव्हापासून आमच्या घरात नवीन तिकीट आलं की तुमचाच प्रश्न पहिला विचारला जातो, हे कशासाठी काढलंय आणि हे पत्राला लावता येईल का. साध्या पत्राला पाच रुपये लागतात, मग पाचचं तिकीट निघालं तर ते कोणीतरी कुठेतरी लावणार, प्रवास करणार. तुम्ही दाखवलंत की १९५८ साली महर्षी कर्व्यांच्या शंभरीला जे तिकीट काढलं ते पंधरा नये पैशांचं होतं, म्हणजे तेव्हाच्या साध्या पत्राचा दर, आणि अण्णा तेव्हा हयात होते, जिवंत भारतीय माणसावर निघालेलं ते पहिलं तिकीट. विचार करा, म्हणालात, अण्णांना त्यांच्याच तिकिटाची पत्रं येत असतील. हे ऐकल्यावर मला ते तिकीट बाजारात कितीला मिळतं याचं काही वाटेनासं झालं.

आणि ब्रोशर, नव्या तिकिटाबरोबर मिळणारं माहितीपत्रक. मी ते पाकिटातून काढून टाकून द्यायचे! तुम्ही शिकवलंत की आधी ब्रोशरमधली तांत्रिक माहिती वाचायची, किती छापली, कुठे छापली, कुठल्या पद्धतीने. भिंगाखाली तुम्ही दोन तिकिटं शेजारीशेजारी ठेवलीत, एक जुन्या फोटोग्रॅव्ह्युअर छपाईचं आणि एक आत्ताच्या ऑफसेट छपाईचं. जुन्यात रंग कसा साय धरल्यासारखा एकसंध, अगदी बारीक जाळी आणि अक्षरांच्या कडा किंचित करवतीसारख्या, नव्यात लाल पिवळे निळे ठिपके वेगवेगळे, फुलांसारखे गोळा झालेले. लेक अर्धा तास तिथून हलली नाही. गांधीजींचं १९४८ चं तिकीट स्वित्झर्लंडला छापून घेतलं होतं आणि १९५२ च्या संतकवींच्या सहा तिकिटांपासून आपल्या नाशिकच्या प्रेसने फोटोग्रॅव्ह्युअर सुरू केलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमच्या आवाजात जो अभिमान होता तो मला अजून ऐकू येतो. आता तुम्ही त्याच गावात राहता, मला फार बरं वाटतं.

सचिनचं मात्र वेगळं. १४ नोव्हेंबर २०१३ ला वीस वीस रुपयांची दोन तिकिटं निघाली, आमच्या ह्यांनी तेव्हाच गठ्ठा घेऊन ठेवलाय, मुलीच्या लग्नाला कामी येईल म्हणून. तुम्ही त्यांना सरळ सांगितलंत की एक ठेवा, प्रेमाने ठेवा, बाकीच्यांनी पत्रं पाठवा, कारण जे सगळेच जपून ठेवतात ते दुर्मिळ कसं होणार. उलट १९९४ ची ती चार पाणपक्ष्यांची तिकिटं, गुलाबी डोक्याच्या बदकाचं त्यातलं एक, शाई पाण्यात विरघळणारी निघाली म्हणून परत घेतली गेली, ती आज शोधून मिळत नाहीत. तुमच्याकडेही ती नाहीत हे तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत. आणि लगेच लेकीला ताकीद, कुठलंही तिकीट पाकिटावरून सोडवायला कोमट पाण्यात टाकण्याआधी ते कुठलं आहे ते बघायचं.

एका बाबतीत मला तुमचं अजून पटलेलं नाही. वासाची तिकिटं तुम्हाला फॅन्सी वाटतात, चंदनाचं २००६ चं, मग गुलाब, मग जास्मिन, मग २०१७ ला कॉफी. कॉफीचं शंभर रुपयांचं, ते मलाही नको वाटतं, शंभराचं कोण पत्राला लावणार. पण चंदनाचं पंधरा रुपयांचं ते पहिलं मी चांगल्यातच धरते. तुम्ही स्वतःच ते बटर पेपरच्या पाकिटातून काढून लेकीच्या नाकाजवळ धरलंत ना, इतक्या वर्षांनी अगदी पुसट, देव्हाऱ्यातल्या सहाणेसारखा वास आला आणि तुम्ही पण डोळे मिटलेत. मी बघितलंय.

गेल्या जुलैचं तर विसरणारच नाही मी. आमच्या घराला तळमजल्याची ओल, आठ दिवस पाऊस थांबला नव्हता आणि स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वह्या, कपाटात आडवी एकावर एक ठेवलेली. उघडली तर दोन पानं मिंट (न वापरलेली) तिकिटं पट्ट्यांना चिकटलेली, काहींवर तांबूस ठिपके. लेक रडायला लागली, मी ओढून काढणार होते, सुदैवाने आधी तुम्हाला फोन केला. तुम्ही छत्री घेऊन भर पावसात आलात, गुडघा दुखत असताना, आणि आल्या आल्या म्हणालात की कोणी हात लावू नका. दोन तास बसून एकेक तिकीट सोडवलंत. अकरा वाचली, चार गेली. जी गेली त्यांच्यासाठी तुम्ही तिला खोटं समजावलं नाहीत, ही गेली, म्हणालात. आता पुस्तकं उभी असतात, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि दिवाळी झाली की पंख्याखाली हवा द्यायची, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

आणि शेवटचं ते रेल्वेच्या शंभरीचं पोस्टाचं तिकीट. १६ एप्रिल १९५३ ला निघालेलं, दोन आण्यांचं, काळं, एका बाजूला १८५३ चं इंजिन आणि दुसऱ्या बाजूला शंभर वर्षांनंतरचं. किंमत विचारली तर तुम्ही म्हणालात, पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली आणि आपल्या ठाण्याला आली, हे तिकीट ठाण्याच्या मुलीकडेच राहायला पाहिजे, आणि पैसे घेतले नाहीत. ते तिच्या स्टॉकबुकच्या पहिल्या पानावर एकटंच आहे, शेजारी तिने काहीही लावू दिलेलं नाही. स्टेशनवरून जाताना हल्ली ती प्लॅटफॉर्म बघत उभी राहते आणि मला क्लासला उशीर होतो.

काका, तुमचे आभार मानायला माझ्याकडे ह्यापेक्षा चांगले शब्द नाहीत. तुम्ही तुमचे दीड वर्षाचे रविवार आम्हाला दिलेत.

पाकिटावर पाचचं एक तिकीट लावलंय, निवड पूर्णपणे लेकीची, तीन रविवार विचार करून केलेली. कुठलं ते इथे लिहीत नाही. पोस्टातल्या ताईंना विनंती करून शिक्का हाताने, हलकाच मारून घेतलाय. पोचलं की तारीख नीट वाचता येते का, आणि तिची निवड तुम्हाला कशी वाटली, तेवढं तिला पत्राने कळवा. ती आत्तापासूनच पोस्टमनची वाट बघतेय.