कात्री धारेला देताना चाक कुठलं ते बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की तासगाव, कवठेमहांकाळकडचे बागायतदार कात्र्या घेऊन धारवाल्याकडं पळतात, आणि नेमकं तेव्हाच आम्हा टेलर लोकांच्या डोक्यावर दिवाळीचे ब्लाउज, त्यामुळं दुकानात झुंबड. छाटणीवर, औषधांवर तुम्ही पानंच्या पानं छापता, पण ज्या कात्रीनं हे सगळं होतं तिच्यावर चार ओळी कधी बघितल्या नाहीत, म्हणून लिहिते.

मागच्या वर्षी माझी दहा इंची मेरठची कात्री एका दुकानात दिली. पाच मिनिटात परत, एकदम चकचकीत. घरी येऊन बघते तर टोकाला निळसर डाग आणि आतली बाजूपण घासून सपाट केलेली. कॉटन कसंबसं कापायची, जॉर्जेट घेतलं की दोन पात्यात अडकून दुमडायचं. बावीस वर्षं हाताला बसलेली कात्री हो.

निळा डाग म्हणजे पातं तापून पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, तिथं आता धार टिकणारच नाही. दुकानातला बेंच ग्राइंडर (विजेवर फिरणारं घासायचं चाक) मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे मारतो, आणि त्याच्यासोबत येतं ते करडं चाक ३६ नाहीतर ६० नंबरचं (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक), ते छिन्नी न् ड्रिल घासायला ठीक. पातळ पातं त्यावर टेकवलं की दोन सेकंदात तापतं. आतल्या बाजूचं तर त्याहून वाईट, कारण ती सपाट दिसली तरी किंचित खोलगट असते, दोन्ही पाती एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात आणि ते ठिकाण खिळ्याकडून टोकाकडं सरकत जातं, कात्री कापते ती अशी. ती खोल बाजू घासली की खेळ संपला. धार लावायची ती फक्त बाहेरच्या तिरक्या कडेवर.

मग घ्यायचं काय? ग्राइंडरच वापरायचा तर पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक (म्हणजे आपला कुरुंदच, फक्त कारखान्यात केलेला), १०० किंवा १२० नंबर, ते कमी तापतं, तरीपण हात हलका आणि शेजारी पाण्याचा डबा पाहिजेच. पाण्यातून हळू फिरणारं चाक मिळालं तर सोनं, पण महाग. मी स्वतः डायमंडची पट्टी घेतलीय, एका बाजूला ४००, दुसऱ्या बाजूला १०००. तिरक्या कडेवर मार्करनं काळं करायचं आणि जुन्याच कोनात घासायचं, काळं सगळीकडून सारखं गेलं म्हणजे कोन बरोबर. मग आत वळलेली बर (घासताना कडेला उरलेली धातूची बारीक किनार) निघेपर्यंत कात्री दोनचार वेळा अलगद उघडझाप करायची. कापडाच्या कात्रीला मी ४०० वरच थांबते, जरा खरखर राहिली तर सिल्क, पॉलिस्टर सटकत नाही. सलूनच्या कात्रीला उलट, ती आरशासारखी लागते, तिच्या वाटेला आपण जाऊ नये. आणि छाटणीच्या कात्रीला धार एकाच पात्याला असते, खालच्या वाकड्या पात्याला चाक दाखवायचं नाही, आमच्या दिरांनी एकदा तेच केलं आणि सगळ्या काड्या चेंगरल्या.

पॉलिश पेपर कापला की धार येते म्हणतात, तसलं काही नसतं, बर थोडी निघते आणि आपल्याला बरं वाटतं. आणि बऱ्याच वेळा धार गेलेलीच नसते, खिळा ढिला झालेला असतो, तो आधी आवळून बघा.

शिवण क्लासमधे, आयटीआयमधे कटिंग शिकवतात तसा धारेचा एक तास ठेवला तर किती कात्र्या वाचतील. पूर्वी गावभागात सायकलचं पायडल मारत चाक फिरवणारे धारवाले यायचे, पायानं फिरणारं चाक हळू, त्यामुळं पातं तापायचं नाही. अजून कुणी सांगली मिरजेत फिरत असतील तर कुठल्या गल्लीत आणि कुठल्या वारी, ते वाचकांनी तुमच्याकडं जरूर कळवावं, माझ्याकडं अजून तीन कात्र्या तशाच पडून आहेत.

– एक टेलर, गावभाग, सांगली