सुतळीवरचं कॅलेंडर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नव्या घरासाठी पैसे आणि कर्जाच्या कागदांवर माझी सही मागितलीस आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. तुला वाटलं असेल, आई टाळतेय. टाळत नव्हते, हिशेबाला वेळ हवा होता. तू पाठवलेले कागद छापून आणले आणि दोन रात्री वही घेऊन बसले. बाबा म्हणाले, "पोराने सही मागितलीय, पेपर तपासायला नाही दिलेला." त्यांचं चालू दे.

आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे पुढचं धास्तीने वाचणार नाहीस. पैसे देईन. सहकर्जदार म्हणून सही करणार नाही. आणि हे घर, निदान आत्ता, घेऊ नकोस.

रागावून झालं की पुढे वाच.

"आई, तूच म्हणायचीस ना, भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे," असं तू म्हणालास. म्हणायचे खरी. आपण सहा भाड्याची घरं बदलली, प्रत्येक वेळी सामान बांधताना म्हणायचे. तुला त्या घरांतलं काय आठवतं ठाऊक नाही, मला कॅलेंडर आठवतं. चौथ्या घराच्या मालकीणबाईंनी किल्ली देतानाच बजावलं होतं, भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही. बाबांनी कॅलेंडर सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलं. वारा आला की ते उलटं फिरायचं, खिडकी लावायची तर आधी ते सोडायला लागायचं. पावसाळ्यात तारखा ओल्या होऊन एकमेकींना चिकटायच्या. अशी तीन वर्षं काढली. मग हे घर झालं. सामान अजून दारात होतं आणि बाबांनी पहिली काढली ती हातोडी. बाहेरच्या खोलीत एक खिळा ठोकला. टांगायला हाताशी काही नव्हतं, तर स्वतःची टोपी अडकवली आणि चार पावलं मागे जाऊन बघत उभे राहिले. मी आधी हसले, मग आत जाऊन रडून घेतलं.

पाण्यात पैसे जाण्याचं ते वाक्य त्या खिळ्यापायी तोंडात बसलं. हिशेब करून कधीच म्हटलं नव्हतं. तो आत्ता, या वयात, पहिल्यांदा केला.

तू दिलेल्या घराच्या किमतीला मी तू आत्ता भरतोस त्या वर्षाच्या भाड्याने भागलं. घर त्याच आवारातलं, तेवढ्याच खोल्यांचं, म्हणून तुलना बरोबर आहे. भागाकार आला ३८. म्हणजे आजच्या भाड्याने त्या घराची किंमत भरून निघायला ३८ वर्षं लागतील. दुसऱ्या बाजूने बघ. तुझं वर्षाचं भाडं किमतीच्या २.६ टक्के पडतं. कर्ज किमतीच्या ८० टक्के, दर ९ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी नुसतं व्याज किमतीच्या ७ टक्क्यांच्या वर जातं. भाड्याच्या पावणेतीन पट. त्यात देखभाल, कर, नोंदणीचा खर्च अजून धरलेलाच नाही. मग पाण्यात जास्त काय जातंय, तूच सांग. भागाकार १८-२० आला असता तर डोळे मिटून घे म्हटलं असतं, आणि बाबांना हातोडी घेऊन पाठवलं असतं.

आता ती ३० वर्षांची मुदत. बँकेतल्या मुलाने तुला सांगितलं, २० ऐवजी ३० वर्षं घ्या, हप्ता उतरेल. उतरतो, साडेदहा टक्क्यांनी. पण शंभराच्या कर्जावर २० वर्षांत ११६ व्याज जातं, ३० वर्षांत १९० जातं. ३० वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातल्या दर शंभरातले ९३ व्याजाचे, ७ मुद्दलाचे. आणि ज्या ओळीवर मी लाल पेनाने गोल केलाय ती अशी, की दर बदलता आहे. समज, दोन वर्षं नेमाने हप्ते भरलेस आणि दर ९ चा १० झाला. तेव्हा शंभरातले साडेअठ्ठ्याण्णव अजून शिल्लक असतील आणि त्यावरचं महिन्याचं व्याजच तुझ्या हप्त्यापेक्षा जास्त होईल. हप्ता तोच ठेवलास तर भरत राहशील आणि कर्ज वाढत राहील. एका टक्क्याने! मी तीनदा करून पाहिलं, मला वाटलं दशांशचिन्ह चुकलंय.

आम्हीही पोळलो होतो बरं. आपलं कर्ज १२ टक्क्यांचं, १५ वर्षांचं. पहिलं वर्ष संपल्यावर उतारा आला तो घेऊन मी तावातावाने बँकेत गेले, की तुमची चूक झालीय, बारा हप्ते भरले आणि मुद्दल जवळजवळ तेवढंच कसं? काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे एक लांबलचक तक्ता काढून माझ्याकडे फिरवला. पहिल्या वर्षी भरलेल्या शंभरातले ८२ व्याजाला गेले होते. बोट ठेवून खाली जा म्हणाल्या. अर्धं मुद्दल फिटलेलं दिसलं ते साडेदहा वर्षांनंतरच्या ओळीत. तो तक्ता सही करायच्या आधी मागायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगतेय. माग.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. कर्जाच्या सहाव्या वर्षी माझ्या पर्समध्ये राजीनामा होता, हाताने लिहिलेला, चार घड्या घातलेला. त्या ऑफिसात तेव्हा माझ्या वरच्या साहेबांनी दुसऱ्याची चूक माझ्या नावावर घातली होती आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं होतं. दुसरीकडे जागा होती, पगार थोडा कमी, माणसं बरी. तो थोडा कमी म्हणजे नेमका हप्त्याइतका. राजीनामा दीड वर्ष पर्समध्ये राहिला, घड्यांवर फाटला, मग टाकून दिला. घराचा मला पश्चात्ताप नाही. पण लोक हप्त्याला पगाराशी तोलतात, मी म्हणते नोकरी सोडायच्या मुभेशी तोलावा. तुम्ही दोघं कमावता म्हणून हप्ता बसतोय. दोघांपैकी एकाला वर्षभर घरी राहावं लागलं, मूल म्हणून, आजारपण म्हणून, नुसता कंटाळा म्हणून, तर बसतो का? तुझ्या कागदांत ती ओळच नाही.

सहीबद्दल. तू ३४ चा, तीस वर्षांनी ६४ होशील, म्हणजे आज मी आहे तेवढा. मी तेव्हा असलेच तर ९४ ची. माझं उत्पन्न जोडून कर्जाची रक्कम वाढते हे खरं, पण वाढलेला हप्ता फेडणार तूच. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी घरं इतकी महागली होती की बापाने घ्यायचं आणि मुलाने फेडत राहायचं अशी दोन पिढ्यांची कर्जं निघाली होती. भाव पडणारच नाहीत अशी तिथे सगळ्यांची खात्री होती. १९९१ नंतर मोठ्या शहरांतल्या जमिनींचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले. घराची किंमत खाली, कर्जाचा आकडा वर, विकलं तरी फिटेना. तुझ्या शहरात तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण "भाव कधी खाली येतात का" हे वाक्य ऐकलं की मला ती माणसं दिसतात. शिवाय मुदती लांबल्या, हप्ते उतरले, की विकणाराही तेवढाच भाव चढवतो. लोक घराची किंमत विचारतच नाहीत, हप्ता विचारतात, हे त्याला पाठ असतं.

लांबचं स्वस्त घर हा तुझा दुसरा पर्याय मी फार वेळ पाहिला नाही. रोजचे दोन तास जादा, कामाचे २४० दिवस, म्हणजे वर्षाला ४८० तास. आठ तासांचे ६० दिवस झाले. तेवढी रजा कोणी दिली तर काय करशील याचा विचार कर आणि मग बोलू.

भाड्याचं घर म्हणजे सुख असंही नाही, ते मी तुला शिकवायला नको. भाडं वाढतं. मालकाचा मुलगा परदेशातून येतो आणि महिन्यात जागा सोडा म्हणतो. म्हातारपणी तर दुसऱ्याच्या मर्जीवर राहणं नकोच. आणि घेणाऱ्यांच्या बाजूने सगळ्यात खरी गोष्ट ही की हप्ता माणसाला साठवायला लावतो. भाडं आणि हप्ता यांतला फरक दरमहा बाजूला टाकू म्हणणारे शंभर, टाकणारे चार. आमचंही घर शहाणपणाने झालं नाही, हप्ता चुकायच्या भीतीने झालं. म्हणून तुला एक तालीम सांगते.

पुढच्या महिन्यापासून सहा महिने हप्ता चालू आहे असं धर. २० वर्षांच्या मुदतीचा धर, दर एक टक्का वरचा धर, देखभाल त्यात मिळव. त्यातून भाडं वजा कर आणि उरेल ते पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाक. त्याला हात लावायचा नाही. मित्राचं लग्न आलं, गाडी बिघडली, तरी नाही. जमलं तर तुमची ताकद कळेल आणि पहिल्या भरण्याची रक्कमही वाढेल. चौथ्या महिन्यात दोघांची भांडणं सुरू झाली तर तेही कळलेलं बरं, सही व्हायच्या आधी. सूनबाई काय म्हणते हे मला तुझ्या कागदांत कुठे दिसलं नाही. तिला हे पत्र वाचायला दे.

पैशांचं म्हणशील तर माझ्या ठेवींपैकी तिसरा हिस्सा तुझा. कर्जाऊ नाही, दिले म्हणून दिले. कधी घ्यायचं, कुठे घ्यायचं, घ्यायचं की नाही, यात मी बोलणार नाही. बोलले तर हे पत्र दाखव. बाकीचे दोन हिस्से आमच्या आजारपणासाठी ठेवते, म्हणजे तुझ्या त्या तक्त्यात आमची ओळ घुसणार नाही. हे घर विकून तुला द्यावं असं बाबांच्या मनात एकदा येऊन गेलं. मी नाही म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस.

पुढे कधी दुसरं घर बघायला जाल तेव्हा मोजपट्टी ने. विकणाऱ्याचं क्षेत्रफळ आणि चटई अंथरता येते ते क्षेत्रफळ यांत एक अख्खी खोली हरवलेली असते. पावसात जा, आणि रात्री दहाला पुन्हा जा.

बाबा विचारतायत, तुमचा आत्ताचा मालक खिळे ठोकू देतो का. नसेल देत तर येताना सुतळी आणतो म्हणतात.

तुझी,
आई