गोल बगदादचे दाखले कुठले?

महोदय,

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी एका ऑनलाइन ज्ञानकोशातला बगदादवरचा लेख वाचला. इ.स. ७६२ मध्ये खलिफा अल-मन्सूरने वसवलेले गोल शहर, त्याचे कूफा, बसरा, खुरासान आणि शाम (सीरिया) हे चार दरवाजे, सगळे लेखात आहे. तळटीपा मात्र सहल कंपन्यांच्या पानांच्या; त्यातल्या दोन तर उघडतच नाहीत. फार वाईट वाटले. त्या गोल नगराचा आज मागमूस उरलेला नाही. ते आपल्याला कळते ते जुन्या ग्रंथकारांमुळे : नवव्या शतकातला याकूबी, अकराव्या शतकातला खतीब अल-बगदादी. तटाच्या एका विटेवर ‘वजन ११७ रतल’ (रतल हे जुने अरबी वजनाचे माप) असे लिहिलेले होते आणि तोलल्यावर ती तेवढीच भरली, ही हकीकत खतीबनेच नोंदवली आहे. पण तोही शहर वसल्यानंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. म्हणूनच कोणती माहिती कोणाची, हे वाचकाला दिसलेच पाहिजे. दोघांच्याही बगदादवरच्या लिखाणाची इंग्रजी भाषांतरे झालेली आहेत. अरबी-फारसीच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना कळकळीची विनंती : या ज्ञानकोशातला एकेक लेख हाती घ्या आणि पृष्ठक्रमांकासह संदर्भ भरा.

– एक पालक, सोलापूर