सामायिक सूक्ष्मदर्शकासोबत तो चालवणाऱ्या तज्ज्ञाचे पदही मंजूर व्हावे

संपादक महोदय,

वैद्यकीय संशोधनासाठी लागणारा अत्याधुनिक सूक्ष्मदर्शक एकेका विभागाने स्वतंत्रपणे न घेता अनेकांनी मिळून घ्यावा, हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र अशा प्रस्तावांवरची सगळी चर्चा यंत्राच्या किमतीभोवती फिरते आणि ते चालवणार कोण, हा प्रश्न मागे पडतो. त्याच प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

यंत्राच्या गरजेविषयी माझ्या मनात शंका नाही. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कमी अंतरावरचे दोन बिंदू साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसू शकत नाहीत, ही मर्यादा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून पुढे आली. तिचा वैद्यकातला परिणाम पाहायचा तर मूत्रपिंडाचे उदाहरण घ्यावे. तिथल्या गाळणीतील पेशींना अतिशय बारीक पायांसारखे फाटे असतात. लहान मुलांमधील नेफ्रोटिक सिंड्रोमच्या, म्हणजे लघवीवाटे प्रथिने वाहून जाण्याच्या विकाराच्या, सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात हे फाटे सपाट होतात, पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तीच ऊती जवळजवळ निरोगी भासते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हा बदल दिसतो. मात्र कोणते प्रथिन नेमके कुठे आहे, हे वेगवेगळ्या रंगांत पाहण्याची सोय त्यात सहज नसते. ही उणीव प्रकाशाच्याच साहाय्याने आबे यांची मर्यादा ओलांडणाऱ्या सुपर-रिझोल्यूशन तंत्राने भरून काढली आणि त्यासाठी एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हेल यांच्या पद्धतीत एक लेझर रंगद्रव्याचे रेणू उजळवतो आणि कड्याच्या आकाराचा दुसरा लेझर भोवतालचे रेणू विझवतो, त्यामुळे मधला इवलासा ठिपका तेवढा उजळ राहतो.

हे दोन्ही झोत एकमेकांवर अचूक बसावे लागतात. खोलीचे तापमान थोडे बदलले किंवा टेबलाला कंप बसला, तरी ती जुळणी ढळते, आणि अशा यंत्राला रोज नवे हात लागणार असतात. तेलाचा थेंब लावून वापरायच्या लेन्सने पाहिलेली स्लाइड न पुसता कोरड्या लेन्सखाली सरकवली, की तेल त्या लेन्सच्या काचेला लागते. पुढच्याची चित्रे धूसर येतात आणि तो बिचारा आपल्या नमुन्यात दोष शोधत बसतो. याहून घातक चूक डोळ्यांना दिसतही नाही. चित्र झगझगीत यावे म्हणून प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरचा गेन, म्हणजे संकेत वाढवण्याचे प्रमाण, चढवला, की सर्वांत तेजस्वी भाग एकाच कमाल पातळीवर अडकतात आणि त्या चित्रावरून केलेले प्रथिनांचे मोजमाप निरर्थक ठरते. असे मोजमाप पुढे शोधनिबंधात जाते, ही मला सर्वांत काळजीची बाब वाटते.

म्हणून यंत्राच्या मंजुरीसोबतच एका प्रशिक्षित तज्ज्ञाचे कायमस्वरूपी पद मंजूर झाले पाहिजे. पुरवठादार कंपनी यंत्र बसवताना देते ते प्रशिक्षण आवश्यक आहे, पण ते घेणारे विद्यार्थी पदवी मिळवून निघून जातात आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही जाते. यंत्रापाशी टिकून राहणारा माणूस नमुना तयार करण्यापूर्वीच सांगू शकतो, की हा छेद जाड आहे, हे रंगद्रव्य या लेझरपुढे तग धरणार नाही, किंवा तुमच्या प्रश्नाला साधा कॉन्फोकल (एका वेळी एकाच पातळीचे स्पष्ट चित्र देणारा लेझर सूक्ष्मदर्शक) पुरेसा आहे. या शेवटच्या सल्ल्याने महागड्या यंत्राचे कितीतरी तास वाचतात.

वॉरंटी संपल्यानंतरचा देखभाल करार आणि चित्रे साठवण्याची व्यवस्था यांचा खर्चही पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, कारण जिवंत पेशींचे रात्रभर चाललेले चित्रण पाहता पाहता साध्या संगणकाची जागा संपवते. वापराचे शुल्क तासावर असावे, विद्यार्थ्यांना ते परवडावे, आणि रुग्णांच्या नमुन्यांसाठी काही वेळ राखीव असावा; बायोप्सी प्रत्येक वेळी वेळापत्रक पाहून येत नाही. त्या चित्रांच्या फाइलवर रुग्णाचे नाव असू नये, हेही इथेच नोंदवते.

निधी देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे, की सामायिक यंत्राच्या अर्जात तज्ज्ञाच्या पदाची तरतूद नसेल तर तो अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवावा, आणि यंत्र बसल्यावर ते किती तास चालले, किती काळ बंद राहिले व बाहेरच्या किती संशोधकांनी वापरले, याची माहिती दरवर्षी जाहीर करण्याची अट मंजुरीपत्रातच घालावी.

आपली विश्वासू,
एक संशोधक